रोज थोडी मोठी होणारी अक्षरं

सुरुवातीलाच स्पष्ट करते, भूत मी बोलावलेलं नव्हतं. मी फक्त टर्मिनलचा रंग बदलला होता.

टर्मिनल म्हणजे संगणकावरची ती साधी काळी खिडकी. तिच्यात चित्रं नसतात, बटणं नसतात. आपण हुकूम टाइप करायचा आणि संगणकाने मुकाट ऐकायचं. घरात माझं ऐकणारी एवढी एकच गोष्ट असल्यामुळे माझा तिच्यावर फार जीव. पण आमची खिडकी दिसायला अगदीच कचेरीतली होती: काळ्यावर पांढरी, ठोकळ्यासारखी अक्षरं. त्यातच शाळेत संगणकाच्या मॅडमनी जाहीर केलं की यंदा संगणककक्षाची प्रमुख निवडायची आहे. प्रत्येकीने घरून काहीतरी स्वतःचं करून आणायचं आणि वर्गासमोर मोठ्या पडद्यावर दाखवायचं. मी त्याच क्षणी मनातल्या मनात प्रमुख झाले. बाकी होती ती फक्त औपचारिकता.

टर्मिनलची सगळी सेटिंग एका साध्या फाइलमध्ये असते. अक्षरांचा आकार अमुक, रंग तमुक, असं ओळीने लिहिलेलं. आकडा बदलायचा, फाइल सेव्ह करायची, की खिडकीचं रूप पालटतं. मी जांभळी पार्श्वभूमी घेतली. त्यावर राखाडी अक्षरं, तीही बारीक, नाजूक, एखाद्या मुंगीने टाचा उंचावून चालत जावं तशी. आकार बारा. आईने लांबून पाहिलं आणि विचारलं, "काही लिहिलंय का त्याच्यावर?"

अभिरुची ही गोष्ट एका पिढीकडून दुसरीकडे जातेच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

तरी मी मोठ्या मनाने आई-बाबा दोघांनाही जेवताना सगळं समजावून सांगितलं. फाइल कुठे असते, आकडा कुठे असतो, चूक झाली की 'टुक्' असा आवाज होतो तो कसा चालू-बंद करायचा. आई मान डोलवत टेबलावरचे कागद आवरत होती. बाबांनी मात्र प्रश्न विचारला. "आणि अक्षर मोठं करायचं झालं तर?"

"आकडा वाढवायचा. पण मोठं कशाला करायचं, बाबा? ते म्हातारे लोक करतात."

"बरोबर," बाबा म्हणाले आणि पाण्याचा पेला त्यांनी टेबलाच्या कडेच्या थोडा पुढे, म्हणजे हवेत ठेवला.

बाबा हल्ली असेच हरवल्यासारखे असायचे, त्यालाही कारण होतं. ते पाणीपुरवठा कार्यालयात बिलं करतात. त्या कार्यालयाचा प्रोग्राम इतका जुना आहे की तो टर्मिनलमध्येच उघडतो. मागे कार्यालयाला रंग देत होते, तेव्हा थोडे दिवस त्यांना घरून काम करायचं होतं; ती जोडणी मीच करून दिली होती आणि नंतर ती विसरूनही गेले होते. तर त्या बिलांमध्ये बाबांच्या हातून चुका व्हायला लागल्या. एका एकट्या राहणाऱ्या आजीबाईंना त्यांनी आख्खा तलाव वापरल्याचं बिल पाठवलं. साहेबांनी सांगून टाकलं की आणखी एक चूक झाली तर तुमचं टेबल खाली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. एकदा तिथे गेलेला माणूस निवृत्तीलाच वर येतो म्हणे. आई त्यावर बोलायला लागली की बाबा म्हणायचे, "लक्ष लागत नाही, बाकी काही नाही." मग ते उठून बेसिनला जायचे आणि वाटेत खुर्चीची माफी मागायचे.

असो. मी माझ्या भुताबद्दल सांगत होते.

दोन-तीन दिवसांनी शाळेतून आले, टर्मिनल उघडलं, आणि अक्षरं मोठी होती. फार नाही, किंचित. सर्दी झाल्यावर माणसाचा चेहरा जसा थोडा सुजतो, तशी. फाइल पाहिली तर बाराच्या जागी चौदा. मला वाटलं, मीच काहीतरी केलं असेल. पुन्हा बारा केलं. दुसऱ्या दिवशी सोळा. आणि माझी जांभळी पार्श्वभूमी गेलेली. तिथे काळंकुट्ट, आणि त्यावर पिवळी जर्द अक्षरं.

आता आमच्या घरात दिवसभर कोणी नसतं. आई तिच्या कामावर जाते, मी शाळेत, बाबा माझ्याबरोबरच बाहेर पडतात. कोपऱ्यावर मी उजवीकडे वळते, ते डावीकडे बागेत फेऱ्या मारायला आणि तिथून परस्पर कार्यालयात. दाराला कुलूप असतं. आणि त्या कुलुपाआड, बंद घरात, रिकाम्या खोलीत, माझी अक्षरं वाढत होती.

मी रीतसर चौकशी केली. आमच्याकडे संगणकाचं खातं एकच आहे, त्याचं नाव 'घर', आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला आहे. टूथब्रश सोडून या घरात कोणाचं वेगळं असं काही नाही. तेव्हा संशयित दोनच. आईने सांगितलं की संगणकाला ती फक्त ओल्या फडक्याने शिवते, तेही तो बंद असताना. बाबा म्हणाले, "मी कशाला हात लावू? मला ऑफिसातला पुरे झालाय." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाहेर, भिंतीकडे बघून. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो असं मी वाचलं होतं. पण भिंतीकडे बघून एवढं प्रेमाने हसणारा माणूस खोटं कसं बोलेल?

मग मी टर्मिनल बनवणाऱ्या मंडळींकडे ऑनलाइन तक्रार केली. त्यांनी विचारलं, आवृत्ती कोणती. मी सांगितली. त्यांनी विचारलं, पडद्याचा फोटो आहे का. पाठवला. त्यांनी कळवलं, फोटोत बिघाड दिसत नाही, अक्षरं उलट सुवाच्य आहेत. मी लिहिलं, सुवाच्य आहेत हाच बिघाड आहे. त्यावर उत्तर आलं, 'घरातील इतर सदस्यांकडे चौकशी करावी,' आणि तक्रारीवर 'ग्राहक समाधानी' असा शेरा मारून त्यांनी ती बंद केली. मी इतकी असमाधानी आयुष्यात कधी नव्हते.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ते वीज विभागातून निवृत्त झालेत आणि जगात जे काही बिघडतं ते अर्थिंगमुळे बिघडतं, अशी त्यांची खात्री आहे. आम्ही त्यांना अर्थिंगकाकाच म्हणतो. ते टेस्टर घेऊन आले. संगणकाला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. टेबलाला लावला, कपाटाला लावला, शेवटी माझ्या कोपराला लावला.

"काही नाही," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं. "वीज नाहीये. म्हणजे मग दुसरंच काहीतरी आहे." आणि वीज विभागात उभा जन्म काढलेला तो माणूस चहा न घेता निघून गेला. जाताना दार त्याने अलगद लावून घेतलं, आत कोणी झोपलेलं असावं तसं.

खरी भीती घातली ती भिंतीपलीकडच्या काकूंनी. त्यांची आमची भिंत एक, पण त्यांचा जिना वेगळा, त्यामुळे आमच्याकडे कोण येतं-जातं ते त्यांना दिसत नाही. याचं दुःख त्या ऐकून भरून काढतात. बाल्कनीतून त्यांनी मला हाक मारली.

"काय गं, सकाळी तुम्ही सगळे गेल्यावर घरात कोण असतं?"

"कोणी नाही, काकू."

"तेच म्हणते मी. मग टुकटुकतं कोण?"

माझे हात वाळत घातलेल्या टॉवेलवर तसेच राहिले.

"टुक्," काकू म्हणाल्या. "मग गप्प. मग परत टुक्. कोणीतरी आतून भिंतीवर नखाने वाजवावं तसं. आणि मधूनच उसासा."

"उसासा?"

"असा." त्यांनी करून दाखवला. तो इतका चांगला जमला की मला तो अजून विसरता आलेला नाही.

चूक झाल्यावरचा तो आवाज मी बंद केलेला होता. घरात धावत जाऊन फाइल पाहिली. आवाज: चालू. आकार: बावीस.

त्यानंतर मला सगळीकडे त्याच्या खुणा दिसायला लागल्या. टेबलावर कपाच्या शेजारी चहाचं छोटंसं तळं, जणू कोणीतरी कप नसलेल्या जागी चहा ओतला होता. चपलांच्या जोड्या विस्कटलेल्या, एक काळी एक तपकिरी शेजारी शेजारी. दाराच्या चौकटीवर, माणसाच्या कपाळाएवढ्या उंचीवर, तेलकट डाग. आणि पडद्याच्या काचेवर नाकाचा ठसा. हो, नाकाचा. संगणकाच्या आत डोकावून बघावं, इतक्या जवळून कोणीतरी बघत होतं. मी ते सगळं आईला दाखवलं. आई म्हणाली, "पुसून टाक." आई भुतांना घाबरत नाही, कारण ती त्यांना पसारा समजते.

सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा काकूंकडे गेले. अर्थिंगकाकांनी हात टेकले होते, सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखी मी समाधानी होते. राहिल्या होत्या त्या काकूच. त्या पालक निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू त्याला कधी विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"काय हवंय म्हणून. तुम्ही पोरं आपली सारखी बदल, पूस, बंद कर. कोणी येतंय तुमच्याकडे तर काहीतरी हवं असेल ना त्याला. उगाच कोण कोणाच्या घरात येऊन उसासे टाकेल?"

मी घरी आले. फाइलमध्ये सगळं पुन्हा माझ्या मनासारखं केलं, जांभळं, राखाडी, बारा. मग अगदी वर एक ओळ लिहिली. फाइलमध्ये अशी ओळ लिहिता येते, संगणक ती वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते. मी लिहिलं, 'कोण आहेस? काय हवंय तुला?'

बाबा मागे सोफ्यावर बसले होते, हातात पेपर होता. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

सकाळी उठल्याबरोबर पाहिलं. सगळं जागच्या जागी. प्रश्नाखाली काही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, अंघोळीला गेले, येऊन पटकन फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि पळाले. उघडून पाहिली नाही. भूत आम्ही घराबाहेर पडल्यावरच येतं, हे मी ठरवून टाकलेलं होतं. नेमकी त्याच दिवशी त्याने वेळ बदलली.

वर्गात दिवे घालवले होते. समोर पांढरा पडदा. माझ्या आधी एकीने खेळ दाखवला, त्यात एक ससा गाजरावरून घसरून पडत होता. लोक उगाचच हसले. मग मी उठले. अभिरुची या विषयावर चार वाक्यं बोलले. फाइल चढवली, टर्मिनल उघडलं.

पडद्यावर जेमतेम चार पिवळी अक्षरं आली. शेवटचं अर्धंच मावलं होतं.

कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "हरकत नाही, सेटिंगची फाइल उघड, तिथे बघू." मी उघडली. त्या अवाढव्य अक्षरांत, काळ्या पडद्यावर, एकेक शब्द करत माझा प्रश्न वर सरकला. कोण. आहेस. काय. हवंय. तुला.

आणि खाली, मी न लिहिलेला, एक शब्द.

उजेड.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने दिवे लावले. सगळे.

"हे तुझं सादरीकरण आहे का?" मॅडमनी विचारलं. त्यांचाही आवाज जरा पातळ झाला होता.

"मॅडम, माझं पोट दुखतंय," मी म्हटलं.

शाळेतून पोट दुखतंय म्हणून बाहेर पडणं हे शाळेत प्रवेश मिळवण्यापेक्षा अवघड आहे. वर्गशिक्षिकेची सही, तिच्यावर पर्यवेक्षकांची सही, पर्यवेक्षकांचा प्रश्न की नेमकं कुठे दुखतं, मग फाटकावरच्या मामांचा प्रश्न की एवढं दुखतंय तर पळत का आलीस. या सगळ्यात सशाच्या मालकिणीला प्रमुख केलं गेलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी मला त्याचं काहीच नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की बंद घरात, अंधारात, कोणीतरी उजेड मागतंय आणि ते मला एकटीला माहीत आहे.

जिना चढले. दाराला कुलूप नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं. भर सकाळी आत अंधार होता, पडदे ओढून घेतलेले. कोपऱ्यात संगणकाचा पिवळा प्रकाश, आणि त्या प्रकाशात टेबलावर वाकलेलं कोणीतरी, नाक जवळजवळ काचेला टेकलेलं. पडद्यावर हाताच्या पंजाएवढे आकडे. एक बोट हवेत चाचपडत खाली आलं. टुक्. मग उसासा. काकूंनी करून दाखवला होता, अगदी तसाच.

माझ्या हातातून दप्तर खाली पडलं.

त्याने मान वळवली. बाबा होते.

मी उघड्या दारात उभी होते, मागून लख्ख ऊन येत होतं. बाबा दाराकडे बघत होते. त्यांचे डोळे माझ्यावरून एकदा इकडून तिकडे गेले, न थांबता. मग त्यांनी माझ्या शेजारी खुंटीला टांगलेल्या आईच्या रेनकोटकडे बघितलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "आज लवकर आलीस?"

रेनकोट काही बोलला नाही. आत्तापर्यंतची सगळी भीती त्या एका क्षणापुढे काहीच नव्हती. भूत दिसणं वेगळं. आपण उभे आहोत आणि आपल्या बाबांना आपण दिसत नाही, हे वेगळं.

"बाबा," मी म्हटलं. "मी इथे आहे."

ते आवाजाच्या दिशेने वळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

मग सगळं बाहेर आलं. गेले काही महिने सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. ऊन आलं की नुसतं पांढरं. म्हणून पडदे ओढायचे. कार्यालयात अक्षर मोठं केलं तर शेजारच्याला कळणार, म्हणून बागेतल्या फेऱ्या सोडून ते घरी परत यायचे आणि कालची बिलं मोठ्या अक्षरांत तपासून मगच कामावर जायचे. कार्यालयाची डोळे तपासणीही झाली होती. रांगेत पुढच्या माणसाने वाचलेली अक्षरं ऐकून पाठ केली आणि पास झाले.

"आईला का नाही सांगितलंत?"

"तिने डॉक्टरकडे नेलं असतं."

"मग?"

"डॉक्टर काही बोलला असता." बाबांनी कीबोर्ड उगाच सरळ केला. "आणि ऑफिसात कळलं की तळघर. तिथे एकच बल्ब आहे गं. मला आत्ताच चार खिडक्यांच्या खोलीत दिसत नाही."

"आणि ते उत्तर? बाबा, माझ्या अख्ख्या वर्गाने दिवे लावले."

ते ओशाळले. "तुला घाबरवायचं नव्हतं. आज काम जास्त होतं, तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात बसलो. वर लिहिलेलं दिसलं, काय हवंय तुला. बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. म्हणून लिहून टाकलं."

मी पडदे उघडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि उरलेले आकडे त्यांना वाचून दाखवले. ते टाइप करत होते, मी बघत होते. एकदाही टुक् झालं नाही. भिंतीपलीकडे काकूंची मोठी निराशा झाली असणार.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती आधी खुर्चीत बसली. मग उठून म्हणाली, "म्हणजे मीठ घातलेला चहा तुम्ही मला मुद्दाम नव्हता दिलात." आणि पदराने डोळे पुसत तिने बाबांच्या चपलांच्या जोड्या लावायला घेतल्या, काळ्याशी काळी, तपकिरीशी तपकिरी. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात तिने बाबांचा दंड असा धरून ठेवला होता, की पळून जायचं मनात आलं असतं तरी त्यांना दार दिसायच्या आधी ती दिसली असती.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, वयाच्या मानाने लवकर. डॉक्टरीणबाई बाबांना रागावल्या आणि मग म्हणाल्या, निघेल. तेवढा एक शब्द ऐकून बाबा एकदम टेकून बसले. नशिबाने मागे भिंत होती. कार्यालयाला डॉक्टरांचा दाखला हवा होता, मग दाखल्याची प्रत, मग प्रत खरी असल्याचा दाखला. साहेबांनी ते सगळं वाचलं, चष्मा काढून स्वतःचे डोळे चोळले आणि विचारलं, "हे डॉक्टर कुठे बसतात?" तळघराचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाबा रजेवर घरी होते, तेव्हा मी टर्मिनल त्यांच्यासाठी नीट लावून दिलं. काळ्यावर पिवळं, भलंमोठं, मोठ्याने टुक् करणारं. याला काही सौंदर्य नाही, पण कोणीतरी वाचणारं आहे.

एक डोळा झाला, मग दुसरा. नंतर एका दुपारी शाळेतून आले, टर्मिनल उघडलं आणि मानेवर काटा आला. अक्षरं बदलली होती. माझ्या आकड्यापेक्षा थोडी लहान. दोन दिवसांनी आणखी लहान. मी कोणाला बोलले नाही. रोज घरी आले की आधी जाऊन आकडा बघायचे, आजाऱ्याचा ताप बघतात तसा. नव्वद. साठ. चाळीस. वीस. काकू म्हणाल्या, टुकटुकही कमी झालीय. मी म्हटलं, त्याला हवं ते मिळतंय, काकू. त्या म्हणाल्या, बघ, मी सांगितलं होतं.

परवा आकार बारा होता. पार्श्वभूमी जांभळी, अक्षरं राखाडी. जशीच्या तशी माझी, पहिल्या दिवसाची. फाइल उघडली. वर माझा प्रश्न होता. खाली 'उजेड' होता. तो मी खोडलेला नाही, खोडणारही नाही. आणि त्याखाली एक नवी ओळ.

'आता सगळं स्पष्ट दिसतं. हे रंग भयंकर आहेत. तू खरंच हे वर्गाला दाखवणार होतीस?'